अग्रलेख, भाषण, पत्रक: वाचताना कुठली परिभाषा हाताशी ठेवावी?

वादविवाद स्पर्धेची तयारी करणारी कॉलेजची मुलं, पत्रकारितेला नुकताच प्रवेश घेतलेले विद्यार्थी, मराठीचे शिक्षक, आणि सोसायटीच्या सभेआधी हातात पडलेलं पत्रक नीट समजून घ्यायचं असलेले सभासद, या सगळ्यांची अडचण एकच असते. मजकूर आपल्याला कुठेतरी ओढतोय हे जाणवतं, पण कसा ओढतोय हे सांगायला शब्द सापडत नाहीत. "काहीतरी खटकतंय" यापुढे बोलणं सरकत नाही.

हे शब्द मिळवायचे चार मार्ग मराठी वाचकाला खुले आहेत. एक, रोजच्या बोलण्यातले सूर ओळखणारे शब्द. दोन, काव्यशास्त्रातली शब्दशक्तींची परिभाषा. तीन, न्यायदर्शनातली, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रातली वादाची परिभाषा. चार, ॲरिस्टॉटलचे इथॉस, पॅथॉस आणि लोगॉस. चारही एकदम शिकायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. सूर ओळखायचा असेल तर बोलीतले शब्द आणि व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. म्हणणं पटण्याजोगं आहे का हे तपासायचं असेल तर न्याय. स्वतः उभं राहून बोलायचं किंवा इंग्रजीतून परीक्षा द्यायची असेल तर ॲरिस्टॉटल. अलंकारांची नावं पाठ करून थांबणं हा पाचवा मार्ग बरेच जण धरतात. तो मला निरुपयोगी वाटतो, कारण अतिशयोक्ती ओळखता आली तरी ती कुणाला कशासाठी भुलवतेय हे त्यातून कळत नाही.

चारही परिभाषा एकाच मजकुराला लावून बघू. कोथरूड-एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाच्या सभेआधी विकासकाकडून येतं तशा धर्तीचं हे पत्र मी नमुन्यासाठी रचलं आहे:

"सस्नेह नमस्कार. आपल्या सोसायटीशी आमचे ऋणानुबंध जुने आहेत. शेजारच्या तीन सोसायट्यांनी वेळेत निर्णय घेतला आणि आज तेथील रहिवासी समाधानी आहेत. आपली इमारत चाळीस वर्षांची झाली आहे. उद्या काही विपरीत घडले तर जबाबदार कोण? सुज्ञ सभासद योग्य तो निर्णय घेतीलच, याची खात्री आहे."

बोलीतले शब्द

पत्र वाचून घरातली एखादी आजी सहज म्हणेल, "सुरुवातीला लाडीगोडी, मग भीती, आणि शेवटी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय." तीन वाक्प्रयोगांत सुराची तिन्ही वळणं पकडली गेली. मराठीत हा साठा फार बारीक आहे. कोपरखळीत जिव्हाळा असतो, टोमण्यात सल असतो. उपरोध उलटं बोलून सुलट सुचवतो, उपहास समोरच्याला खाली पाडतो, आणि कुत्सित बोलण्यात वाईट चिंतलेलं असतं. समर्थन उघडपणे बाजू मांडतं, सारवासारव चूक झाकू पाहते, मखलाशी चुकीलाच गुण म्हणून दाखवते. गौरव, भलामण आणि खुशामत यांतलं अंतरही आपल्याला न शिकवता कळतं.

याच वर्गात मी आपली अव्ययं आणि सर्वनामं धरतो. त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि मराठी मजकुराचा निम्मा सूर तिथेच असतो. "सरकारने मदत दिली" ही साधी बातमी झाली. "मदतही दिली" म्हटलं की बाकी बरंच केलं असं आपोआप गृहीत धरलं जातं. "म्हणे मदत दिली" म्हटलं की लिहिणाऱ्याने हात झटकले. "मदत दिली बरं का" यात तर वाचणाऱ्याला खांद्यावर हात ठेवून बाजूला घेतलं आहे. तसंच "आम्ही" आणि "आपण" यांचं. भाषणात "आम्ही ठरवलं" चं "आपण ठरवलं" केव्हा होतं तिथे खूण करून ठेवावी. ऐकणाऱ्याला न विचारता त्याची संमती त्या एका शब्दात धरलेली असते. "निर्णय घेण्यात आला" अशा वाक्यात करणारा गायबच असतो. कुणी घेतला, हा प्रश्न आपणच विचारायचा.

या साठ्याची उणीव अशी की त्यातल्या बऱ्याच शब्दांत निवाडा आधीच झालेला असतो. मखलाशी म्हटलं की लिहिणारा दोषी ठरलाच. एकाला जे परखड वाटतं ते दुसऱ्याला उर्मट वाटतं, आणि मग दोघांनी एकमेकांना पटवायचं कसं? त्यासाठी मजकुरातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवता येईल अशी परिभाषा लागते.

शब्दशक्ती

अभिधा, लक्षणा, व्यंजना ही नावं शाळेच्या व्याकरणात भेटतात. अभिधा शब्दाचा सरळ अर्थ (वाच्यार्थ) देते, सरळ अर्थ जुळत नाही तिथे लक्षणा जवळचा दुसरा अर्थ देते, आणि व्यंजना सुचवलेला अर्थ (व्यंग्यार्थ) देते. पुढे नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं ती परत घोकतात. बहुतेकांची ओळख व्याख्या आणि एकेका उदाहरणावर संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सूर ओळखण्याचं इतकं नेमकं साधन आपल्याकडे परीक्षेतल्या दोन गुणांपुरतं उरलं आहे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त एक वाक्य घेतलं आहे: "सूर्य मावळला." सेनापतीने ऐकलं तर हल्ल्याची वेळ झाली, गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी न्यायची, आणि प्रियकराची वाट पाहणारीने ऐकलं तर तो आता येईल. वाच्यार्थ एकच, पण व्यंग्यार्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा. हा व्यंग्यार्थ कशाकशावर ठरतो याची यादीही त्याने दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू म्हणजे आवाजाचा हेल, वाक्याची घडण, शेजारी आणखी कोण आहे, प्रसंग काय, जागा आणि वेळ कुठली. आज कुठलंही भाषण किंवा पोस्ट समोर ठेवावी आणि ही यादी लावावी. सुराबद्दल मी ज्या याद्या पाहिल्या आहेत त्यांत हिच्याइतकी कामाची दुसरी नाही.

पत्राला लावून बघा. "जबाबदार कोण?" हा वाच्यार्थाने प्रश्न आहे. बोलणारा विकासक, ऐकणारे सभासद आणि वेळ सभेच्या आदली, हे धरलं की व्यंग्यार्थ निघतो: जो विरोध करेल तो जबाबदार. "घेतीलच" मधला "च" सांगतो की न घेणारा सुज्ञ नाही. आता "पत्रात गर्भित इशारा आहे" हे म्हणणं नुसतं वाटण्यापुरतं राहत नाही. कुठल्या शब्दात आणि कशामुळे, हे दाखवता येतं.

जुन्या पुण्यातलं याहून ठसठशीत उदाहरण 'केसरी'चं आहे. 6 जुलै 1897 च्या अंकातल्या अग्रलेखाचा मथळा होता, "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमांनी शहर होरपळलं होतं. 22 जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, 3 जुलैला तो मरण पावला, आणि सरकारचा रोख सगळ्या पुण्यावर वळला. मथळ्यातलं "डोके ठिकाणावर" ही रूढ लक्षणा आहे, कारण डोकं शब्दशः कुठेच जात नाही. प्रश्नाच्या रूपात उत्तर दडलेलं आहे, ती व्यंजना. आणि "काय?" हा शेवटचा शब्द वाचणाऱ्याने कुठल्या हेलात उच्चारायचा हे सांगायची गरजच नव्हती. विधान कुठेच नाही, तरी आरोप पूर्ण आहे. हीच रीत पुढे शिवराम महादेव परांजप्यांनी 1898 मध्ये पुण्यातच सुरू केलेल्या 'काळ'मध्ये टोकाला नेली. त्यांच्या वक्रोक्तीत शब्दांनी स्तुती चाललेली असायची आणि घाव सरकारवर पडायचा. तरी 1908 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झालाच. व्यंग्यार्थ वाचकांना कळत होता, तसा तो सरकारलाही कळत होता.

ही परिभाषा सूर दाखवते, म्हणणं खरं की खोटं हे सांगत नाही. सुंदर सुचवलेलं असत्यही तिच्या हिशेबी सुंदरच असतं.

न्याय

इथे न्यायाची गरज लागते. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान मांडायची पाच अंगं दिली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. पत्र या पाच खणांत घालायला गेलं की त्याची खरी अवस्था दिसते. प्रतिज्ञा, म्हणजे "काम आमच्याकडे द्या", पत्रात लिहिलेलीच नाही. हेतू आहे इमारतीचं वय. पण चाळीस वर्षांच्या इमारती धोकादायक असतात तशा दुरुस्तीने सावरणाऱ्याही असतात. हेतू दोन्हीकडे जातो, म्हणून तो सव्यभिचार. शेजारचे रहिवासी समाधानी आहेत, हे उदाहरण म्हणून पुढे केलं आहे, पण ते स्वतःच अजून सिद्ध व्हायचं आहे. हा साध्यसम दोष. आणि उपनय, म्हणजे तो नियम आपल्या प्रकरणाला लागतो हे दाखवणं, पार गळला आहे. इथे दाखवायची होती ती आपल्या इमारतीची अवस्था. ती स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालातून यायला हवी. सभेत "पत्र दिशाभूल करणारं आहे" असं ओरडण्यापेक्षा "उपनय कुठे आहे, ऑडिट दाखवा" एवढं म्हणणं जास्त भारी पडतं. उपनय हा शब्दही उच्चारायची गरज नाही.

चर्चेचे तीन प्रकारही याच सूत्रांत आहेत, आणि वादविवाद स्पर्धकाने ते पहिल्या दिवशी शिकावेत. सत्य शोधण्यासाठी दोघांनी प्रमाण आणि तर्क घेऊन बसणं हा वाद. जिंकण्यासाठी छल (समोरच्याच्या शब्दाचा अर्थ मुद्दाम वाकवणं), जाती (वरवरच्या साम्यावर दिलेली फसवी उत्तरं) अशा क्लृप्त्याही वापरणं हा जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहणं ही वितंडा. रात्रीच्या वाहिन्यांवरच्या बऱ्याचशा चर्चा जल्पात मोडतात, आणि काही प्रवक्ते वितंडेबाहेर पाऊलच टाकत नाहीत. छलाचं जुनं उदाहरण म्हणजे "नवकंबल". बोलणारा नवी घोंगडी म्हणतो, आणि ऐकणारा मुद्दाम नऊ घोंगड्या असा अर्थ घेऊन त्याला खोटं पाडतो. समाजमाध्यमांवर एखाद्याचं अर्धं वाक्य उचलून चाललेली भांडणं याच प्रकारची असतात.

अडचण दोन प्रकारची. संस्कृत संज्ञा पुष्कळ आहेत: 24 जाती, 22 निग्रहस्थानं, म्हणजे वादात हार ठरवणाऱ्या जागा. आणि 'केसरी'च्या त्या मथळ्यासारखा, विधानच न करणारा मजकूर न्यायाच्या हाती लागत नाही, कारण खोडायला प्रतिज्ञाच नसते. पहिली अडचण सोडवता येते. पाच अंगं, चर्चेचे तीन प्रकार, वाक्छल (नवकंबलासारखा शब्दाचा छल) आणि वरचे दोन हेत्वाभास, म्हणजे सव्यभिचार आणि साध्यसम हे हेतूचे दोष, एवढ्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्याचं काम भागतं. बाकीचं तज्ज्ञांना सोडावं.

ॲरिस्टॉटल

ॲरिस्टॉटलचं शिकायला एक दुपार पुरते. बोलणाऱ्याची विश्वासार्हता म्हणजे इथॉस, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था म्हणजे पॅथॉस, युक्तिवाद म्हणजे लोगॉस. पत्रात ऋणानुबंध, विपरीत घडण्याची भीती आणि तीन सोसायट्या यांत हे तिन्ही अनुक्रमे दिसतात. इंग्रजी माध्यमाच्या वरच्या वर्गांत, विशेषतः परदेशी विद्यापीठांची तयारी करणाऱ्यांना, हीच भाषा विचारली जाते. त्यांनी दुसरीकडे वळायचं कारण नाही. फक्त पॅथॉस हा शब्द शिवीसारखा वापरू नये. भावनेला हात घालणं ॲरिस्टॉटलने दोष मानलेलं नाही. कुठल्या कारणाने कुठली भावना जागते, याची त्याने सविस्तर छाननी केली आहे.

त्याची मला जास्त मोलाची वाटणारी देणगी वेगळी आहे, आणि ती सहसा शिकवली जात नाही. भाषणाचे त्याने काळावरून तीन प्रकार केले. पुढे काय करावं हे ठरवणारं सभेतलं, झालेल्या गोष्टीचा दोष ठरवणारं न्यायालयातलं, आणि स्तुती-निंदेचं, म्हणजे आपल्याकडचे सत्कार आणि शोकसभा. पत्राचा विषय भविष्याचा आहे: पुनर्विकास करावा का, कुणाकडून. पण "जबाबदार कोण?" म्हणताच भाषा न्यायालयाची झाली. अजून काही घडलेलंच नाही आणि आरोपी शोधणं सुरू. सभेत असा सूर लागला की "आधी फायदा-तोटा मांडा" असं सांगून चर्चा जागेवर आणता येते. बाकीच्या तिन्ही परिभाषांतून हा झोल मला इतका स्वच्छ दिसला नव्हता. मात्र "च" आणि "म्हणे" ऐकायला ॲरिस्टॉटलचा उपयोग नाही. तो कान मराठीतूनच तयार करावा लागतो.

पुण्यात बसून शिकायचं तर

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात गेलं की शब्दशक्तींची व्याकरणं सहज मिळतात. न्यायातली एखादी संज्ञा अडली तर भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' आहे. त्याची सुधारित आवृत्ती भांडारकर संस्थेने काढली होती. तो संस्कृतात आहे, तेव्हा सरळ वाचायला न घेता जाणत्याला सोबत घेऊन एकेक शब्द बघावा. ऐकण्याच्या सरावाला 1875 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे. वही घेऊन बसावं आणि वक्ता "आम्ही" वरून "आपण" वर कुठे येतो एवढंच पहिल्या व्याख्यानात टिपावं. दुसऱ्यात त्याची प्रतिज्ञा एका ओळीत लिहून बघावी. बऱ्याचदा ती तासभर ऐकूनही लिहिता येत नाही, आणि ते कळणं हाच सराव.

शिक्षकांनी वर्गात आधी बोलीतले शब्द काढून घ्यावेत. मुलांना टोमणा आणि कोपरखळी यांतला फरक उदाहरणासकट सांगता येतो, मग व्यंजना वेगळी शिकवावी लागत नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने शब्दशक्ती आणि न्याय दोन्ही घ्यावेत, कारण त्याला दुसऱ्यांचा सूर ओळखायचा आहे आणि स्वतःचं विधानही खोडलं जाऊ नये अशी काळजी घ्यायची आहे. आणि स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर ॲरिस्टॉटलची एक दुपार, न्यायाची पाच अंगं, आणि उरलेले दिवस समोरच्या बाजूचं भाषण स्वतःच लिहून त्यातला उपनय शोधण्यात घालवावेत.