कचरा उचलायचा चिमटा: घडीचा टाळा, सरळ दांडीचा घ्या

मैदान किंवा ओढ्याचा काठ साफ करायला गट निघाला की पिशव्या आणि हातमोज्यांची यादी आधी होते, चिमटा मात्र मिळेल तो घेतला जातो. दोन तास वाकून काम केल्यावर पाठीचं काय होणार, ते खरं तर या चिमट्यावरच ठरतं.

घडीचा चिमटा मुळात घरातल्या वापराचा, उंच फळीवरची हलकी वस्तू काढण्यासाठी. मधल्या बिजागरीत माती गेली की ती ढिली पडते, आतली दोरी सैल होते आणि खटका पूर्ण दाबूनही जबडा अर्धाच मिटतो. टोकाच्या रबरी वाट्या चिखलात निसटून पडतात. पिशवीत मावतो एवढाच त्याचा फायदा, आणि सफाईच्या कामासाठी तो पुरेसा नाही.

सरळ अ‍ॅल्युमिनियमची दांडी, आत दोरीऐवजी पोलादी सळई आणि चारही बोटं मावतील असा रुंद खटका, हा चिमटा घ्यावा. दोन बोटांच्या खटक्याने अंगठ्याचा सांधा लवकर दुखायला लागतो. मोठ्यांना ८० ते ८५ सेंटिमीटर लांबी बरी पडते. ताठ उभं राहून हात सैल सोडला की टोक एक पाऊल पुढे जमिनीला टेकलं पाहिजे. पायाशीच टेकत असेल तर चिमटा आखूड आहे. मुलांना मोठ्यांचा चिमटा देऊ नये, मनगटावर ताण येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जबड्याचं टोक. बाटली कुठलाही चिमटा उचलतो, खरी परीक्षा सिगारेटच्या थोटकाची. थोटकातला फिल्टर कापसासारखा दिसला तरी तो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच असतो. पावसाने गटारात जाण्याआधी तो अख्खा उचलला गेला पाहिजे. म्हणून घेतानाच जबड्यात कागद धरून हलकेच ओढून बघा. कागद सुटला तर टोकं नीट जुळत नाहीत, आणि असा चिमटा गुटख्याची रिकामी पुडीही उचलणार नाही. मग गुळगुळीत फरशीवरून नाणं उचलून बघा. काही चिमट्यांच्या टोकाला चुंबक असतो. तो लोखंडी बुचं धरतो, अ‍ॅल्युमिनियमचे डबे नाही. नसला तरी अडत नाही.

चिमट्यासोबत पिशवीचं तोंड उघडं धरणारी कडी जरूर घ्या. ती नसेल तर वाऱ्याने पिशवी मिटते आणि एका माणसाचा हात नुसता ती धरण्यात जातो.

फुटकी काच पिशवीत टाकू नका, पिशवी फाडून ती उचलणाऱ्याच्या पायाला लागते. त्यासाठी जाड बादली वेगळी ठेवा. इंजेक्शनच्या सुया सापडल्या तर चिमट्यानेच उचलून झाकणाच्या कडक डब्यात टाका. डबा हातात धरू नका, जमिनीवर ठेवा. हातमोजा घातला तरी सुई आरपार जाते.

दांडी वाकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: मातीत रुतलेलं प्लॅस्टिक चिमट्याने उपटायला जातात. तिथे आधी खुरपं चालवा. मोकळ्या पिशव्या उचलतानाही आधी त्यातलं पाणी सांडू द्या, नाहीतर सगळं वजन जबड्याच्या खिळ्यावर येतं.

काम संपल्यावर जबडा आणि खिळा पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि टांगून वाळवा. ग्रीस लावू नका. त्याला वाळू चिकटते आणि खिळा आणखी लवकर झिजतो. खटका दाबलेल्या अवस्थेत बांधून ठेवला तर स्प्रिंग मऊ पडते. दहा-बारा चिमटे एकत्र ठेवायचे असतील तर ढीग न करता जबडे वर करून उंच पिंपात उभे ठेवा.