लेझर असिस्टेड हॅचिंग: हत्यार चोख, दुखणं बहुतेकदा दुसरीकडे

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) भ्रूणाला त्याच्या कवचातून बाहेर पडायला लेझरने भोक पाडून मदत करतात, ते हे असिस्टेड हॅचिंग. तंत्र म्हणून त्याला पाचपैकी साडेचार, वारंवार भ्रूण न रुजण्यावरचा उपाय म्हणून दोन. एवढा फरक का, ते सांगतो.

भ्रूणाभोवती झोना पेल्युसिडा नावाचं साधारण १५ मायक्रॉन जाडीचं कवच असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (त्या टप्प्यावरचं भ्रूण) फुगतो, कवच ताणून पातळ होतं, फाटतं आणि भ्रूण बाहेर येऊन गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतं. कवच फाटत नसेल तर आपणच वाट करून द्यावी, हा यामागचा विचार. १९९० च्या सुमारास हे काम सुईने सुरू झालं.

सुईच्या पद्धतीत कवचात सुई आरपार घालून होल्डिंग पिपेटवर (भ्रूण धरून ठेवणाऱ्या काचेच्या नळीवर) घासत चीर पाडतात. खर्च नाही, पण चिरेची लांबी हाताच्या सफाईवर. आम्लधर्मी टायरोड द्रावणाने कवच विरघळतं, मात्र द्रावण आत शिरलं की पेशींना इजा होते, म्हणून भोक पडताच ते ओढून घ्यायचं आणि भ्रूण ताज्या माध्यमात धुवायचं. या दोन्हींपुढे लेझर सरळ उजवा ठरतो: १.४८ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त किरण मायक्रोस्कोपच्या भिंगातूनच येतो, भ्रूणाला काहीच टेकत नाही आणि काम काही सेकंदांत उरकतं.

बिघडतं ते तपशिलात. पल्स (लेझरचा एकेक झोत) लांब ठेवला तर उष्णता शेजारच्या पेशींपर्यंत जाते. म्हणून छोटे पल्स, आणि नेम कवच व पेशी यांच्यात सगळ्यात जास्त मोकळी जागा असेल तिथे. ब्लास्टोसिस्टमध्ये आतला पेशीपुंज, ज्यातून पुढे बाळ घडतं, तो टाळायचाच. गोठवलेला ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर काही काळ आक्रसलेला असतो, तेव्हा ही जागा आपोआप मिळते. फुगल्यावर लेझर मारणं म्हणजे हातची संधी घालवणं. लेझरचा नेम काम सुरू करण्यापूर्वी डिशवरच्या शाईच्या ठिपक्यावर तपासलेला हवा.

भोकाचा आकार हा खरा कळीचा मुद्दा. ३० ते ४० मायक्रॉनचं भोक ठीक. त्याहून फारच लहान असेल तर भ्रूण त्यात आठच्या आकड्यासारखं अडकतं. एकाच भ्रूणाची जुळी होण्यामागे हे एक कारण मानलं जातं. उलट तिसऱ्या दिवशी, पेशी एकमेकींना घट्ट चिकटण्याआधी, मोठं भोक पाडलं तर ट्रान्सफरच्या (भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या) दाबाने एखादी पेशी बाहेर निसटू शकते. म्हणूनच काही प्रयोगशाळा आरपार भोक न पाडता कवच फक्त पातळ करतात.

आता परिणाम. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ३९ चाचण्या होत्या. जिवंत बाळाच्या जन्माच्या प्रमाणात फरक पडतो, असं त्यातून खात्रीने म्हणता आलं नाही. एकाहून अधिक गर्भ राहण्याचं प्रमाण मात्र किंचित वाढत असावं, असं दिसलं. युरोपच्या एश्रे या प्रजननवैद्यकातल्या संस्थेनेही २०२३ मध्ये ते सरसकट वापरू नये असंच सांगितलं. नवल नाही: न रुजण्याचं मोठं कारण भ्रूणातल्या गुणसूत्रांचा दोष, आणि भोक पाडून गुणसूत्रं दुरुस्त होत नाहीत. गर्भनलिकेत साचलेलं पाणी, गर्भाशयातला पडदा किंवा आत डोकावणारी गाठ, अस्तराचा जुना दाह, थायरॉइड, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी: हे आधी तपासायचं सोडून कवचाच्या मागे लागणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तरी सूक्ष्मदर्शकाखाली कवच डोळ्यांत भरण्याइतकं जाड दिसत असेल, किंवा वितळवल्यावर भ्रूण फुगूनही बाहेर पडत नसेल, तर करून पाहण्यात वावगं नाही; मात्र त्याचा पुरावा तोकडाच आहे. पीजीटीसाठी (भ्रूणाच्या जनुकीय तपासणीसाठी) बायोप्सी करून पेशी काढल्या असतील तर त्याच वेळी भोक पडलेलं असतं, तेव्हा बिलात हॅचिंग वेगळं दिसलं तर खुशाल विचारा.

होकार देण्याआधी एम्ब्रियॉलॉजिस्टकडून (प्रयोगशाळेत भ्रूण हाताळणाऱ्या तज्ज्ञाकडून) चार गोष्टी जाणून घ्या: कोणत्या दिवशी करणार, भोक की नुसतं पातळ करणं, भोक किती मायक्रॉनचं, आणि ट्रान्सफर किती भ्रूणांचं. हॅचिंग करून दोन भ्रूणं सोडण्याचा बेत असेल तर एकाच भ्रूणाचा आग्रह धरा.