व्होल्का बीट्स: सोळातल्या दोन स्टेप बंद केल्या की रूपक

दुरुस्तीवाल्यानं माझ्या व्होल्का बीट्सचा, म्हणजे कॉर्गच्या छोट्या ड्रम मशीनचा, बोर्ड बदलायला सांगितला, म्हणून हे लिहायला घेतलं. तक्रार एवढीच होती की मिक्सरला जोडलं की किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, नाहीसा होतो आणि उरलेलं डब्यातून आल्यासारखं वाजतं. बोर्ड ठणठणीत आहे, दोष तारेत निघाला. या यंत्राचा आवाज ३.५ मिमीच्या स्टिरिओ हेडफोन जॅकमधून बाहेर पडतो. तो स्टिरिओ तारेनं मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांतला फरक घेणाऱ्या जॅकला) लावला, की मिक्सर एका बाजूतून दुसरी वजा करतो. दोन्हीकडे सारखं जे असेल ते कापलं जातं आणि पहिला बळी किकचा जातो. एका टोकाला ३.५ स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मोनो अशी वाय तार घ्या आणि दोन चॅनलला लावा. विषय संपला. हेडफोन लावून बघितला असता तरी कळलं असतं, पण तेवढेही कष्ट न घेता कोटेशन हातात.

तारांचं निघालंच आहे तर अडॅप्टरचंही सांगतो. ९ व्होल्ट, मधली पिन पॉझिटिव्ह, प्लग बारीक, १.७ मिमीचा. गिटार पेडलचा अडॅप्टरही ९ व्होल्टचाच असतो, पण त्याची मधली पिन निगेटिव्ह. जोड लावून तो बसवायच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा सहा रिचार्जेबल एए सेल परवडतात. मात्र फंक्शन बटण धरून यंत्र चालू केलं की सेटिंग उघडतात, तिथे सेलचा प्रकार निकेल मेटल हायड्राइड करून ठेवा.

बाकी स्पेक्स सगळीकडे आहेत. मला बोलायचंय ते ॲक्टिव्ह स्टेपबद्दल, ज्यावर रिव्ह्यूवाले एका ओळीत उरकतात. यंत्राचं एक आवर्तन सोळा घरांचं, एकेक घर म्हणजे स्टेप. या सोळा स्टेपमधल्या हव्या त्या पूर्ण गाळता येतात. गाळलेली स्टेप शांत राहत नाही, ती नसतेच. यंत्र तिच्यावरून थेट पुढच्या स्टेपवर जातं. चार-चारच्या चौकटीत वाजवणाऱ्यांना ही गंमत वाटते. आपल्याला मात्र यातून ताल मिळतात.

रूपक घ्या. सात मात्रा, प्रत्येकीला दोन स्टेप, म्हणजे चौदा. १५ आणि १६ बंद. ती ती ना, धी ना, धी ना. हाय टॉम (उंच सुराचा ड्रम) १, ३, ७, ११ वर, क्लेव्ह्ज (लाकडी टिपऱ्यांचा आवाज) ५, ९, १३ वर आणि डग्ग्याच्या जागी किक फक्त ७ आणि ११ वर. सम खालीवर आहे, तेव्हा पहिल्या स्टेपवर किक टाकायचा मोह आवरा, नाहीतर रूपकाचं तोंडच बदलतं. केरव्याला सोळाही स्टेप लागतात: किक १, ३, १३, क्लेव्ह्ज १, ५, ९, १५, हाय टॉम ७ आणि १३, आणि ‘क’साठी ११ वर डिके, म्हणजे आवाज विरण्याचा वेळ, एकदम कमी केलेला क्लोज्ड हॅट (मिटलेल्या झांजेचा आवाज). दादऱ्याला बारा पुरतात. झपतालाला मात्र दोन-दोन स्टेप दिल्या तर वीस होतात, बसत नाहीत. तिथे मात्रेला एकच स्टेप द्यायची आणि मधल्या भरणीवर पाणी सोडायचं.

लयीचा हिशेब इथेच चुकतो. टेम्पोचा आकडा चार स्टेपचा एक ठोका धरून असतो. मात्रेला दोन स्टेप असतील तर ६० म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. मात्रेला एकच स्टेप असेल तर त्याच १२० मात्रांना आकडा ३० हवा, आणि नॉब मुळात ५६ ते २४० मध्येच फिरतो. सेटिंगमध्ये टेम्पो रेंज फुल केली की १० ते ६०० मिळतात.

स्विंगचा, म्हणजे लय झुलवण्याचा, नॉब नाही, यावरून बरीच ओरड ऐकली. बारा स्टेप चालू ठेवा, ठोका १, ४, ७, १० वर आणि हॅट १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ वर. झाला झुलता ठेका. आकडा हव्या त्या लयीच्या पाऊणपट, म्हणजे १२० साठी ९०.

आता खरा राग. प्रत्येक ठोका सारख्याच जोरात. १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनला ॲक्सेंटची (ठरावीक ठोका जोरात वाजवण्याची) सोय होती, २०१३ च्या या यंत्राला नाही. पॅडवर हळू मारा, जोरात मारा, त्याला पत्ता नाही. मिडीतून, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडण्याच्या तारेतून, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) पाठवा, तीही दुर्लक्षित. खाली-भरी करायची कशी? दोन मार्ग आहेत. भरीचा ‘ना’ क्लेव्ह्जवर पूर्ण लेव्हलला, खालीचा ‘ना’ अगोगोवर (घंटेसारख्या आवाजावर) निम्म्या लेव्हलला, आणि दोघांचा पीसीएम स्पीड, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाजण्याचा वेग, कानानं जुळवायचा. दुसरा मार्ग लॅपटॉपचा. व्हेलॉसिटी चालत नसली तरी लेव्हल मिडीतल्या सीसी या नॉब फिरवणाऱ्या संदेशानं बदलते: किक सीसी ४०, हाय टॉम ४३, क्लेव्ह्ज ४७. दर ठोक्याच्या किंचित आधी सीसी पाठवायचा, मग नोट: ३६, ५०, ७५ याच क्रमानं, चॅनल १०. एकाच क्षणी दोन्ही पाठवले तर कधी आधीचीच लेव्हल वाजते. काम किचकट आहे, पण ठेका जिवंत होतो.

डग्ग्याची मींड मात्र रेकॉर्ड होत नाही. किकचा पिच नॉब वाजत असताना हातानंच फिरवायचा. डिके वाढवून सातव्या स्टेपला पिच खाली-वर केला की घिश्शाच्या जवळपास जातं.

स्नेअरवरून सुरुवातीला याला नापासच केलं असतं. पत्र्याचा पातळ आवाज, सगळे नावं ठेवतात ते बरोबरच आहे. बोर्डावर कपॅसिटर जोडून तो भरदार करणारेही आहेत. वॉरंटी असेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. पण स्नॅपी (स्नेअरची खरखर) शून्य, पिच वर, डिके अगदी कमी, असं केलं की हाच स्नेअर किनारीवरच्या चाटेसारखा वाजतो. ड्रम म्हणून अजूनही नापास, चाट म्हणून पास.

स्टेप जंपलाही, म्हणजे बोट ठेवलेल्या स्टेपवर यंत्राला उडी मारायला लावण्याच्या सोयीलाही, खेळणं म्हणूनच बाजूला ठेवलं होतं. गाणारा समेवर चुकला आणि यंत्र पुढे निघून गेलं, तर थांबवून पुन्हा सुरू करण्यात रियाजाचा विचका होतो. स्टेप जंप चालू ठेवून तो सम गाठेल तेव्हा १ वर बोट ठेवायचं, यंत्र तिथेच येतं. 

पॅटर्न, म्हणजे रचलेले ठेके, आठच साठवता येतात. आणि साठवले जातात ते ठोके. किकचा पिच, डिके, क्लिक हे नॉब जिथे असतील तिथूनच वाजतात. प्रत्येक तालाचा नॉबसकट मोबाइलवर फोटो काढून ठेवणं एवढाच उपाय. फंक्शन धरून मेमरी आणि मग १ ते ८ यातला एक, हे न करता दुसरा पॅटर्न उघडलात तर केलेलं सगळं जातं, विचारत नाही.

सेकंड हँड घेणार असाल तर यंत्रातल्या स्पीकरवर ऐकून समाधान मानू नका, त्यावर किक कळतच नाही. हेडफोन न्या, सोळाही स्टेपवर एकेक बोट ठेवून दिवे लागतात का बघा, सेल काढून डब्यातल्या स्प्रिंगांवर हिरवट गंज आहे का तपासा. आणि अडॅप्टर सोबत देत असतील तर त्याच्यावरची प्लस-मायनसची खूण वाचल्याशिवाय खोचू नका.