रोजच्या वापरात पोर्शे ९११ करेरा: गाडी तयार आहे, सवयी लावून घ्याव्या लागतात

९९२ या कोडच्या पिढीतली सुरुवातीची साधी करेरा: तीन लिटरचं सहा सिलिंडरांचं ट्विन टर्बो इंजिन, ३८५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), आठ गिअरचा पीडीके, म्हणजे दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. ही गाडी रोज ऑफिसला न्यायला जमते का? जमते, आणि या ताकदीच्या बहुतेक गाड्यांपेक्षा चांगली जमते. रोज चालवल्याने तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते थंड इंजिनवर पाय दाबल्याने, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी आणि महिनोन्‌महिने झाकून ठेवल्याने. शून्य ते शंभरला ४.२ सेकंद लागतात, पण रोजच्या रस्त्यावर त्याचा उपयोग किती? इथे बघायचंय ते बाकीचं.

सुरुवात ऑइलच्या तापमानापासून. कूलंटचा काटा काही मिनिटांत ९० अंशांवर येतो आणि बरेच जण तिथेच इंजिन तापलं असं समजतात. ऑइल तेव्हा जेमतेम ५० अंशांवर असतं. ते ८० च्या पुढे जाईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर जाऊ नका आणि ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबू नका. घरासमोर उभं राहून इंजिन तापवण्यात अर्थ नाही. तसं तापायला वेळ जास्त लागतो आणि तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुत राहतं. अर्ध्या मिनिटात निघा आणि हळू चालवा.

इथे पीडीकेच्या एका सवयीवर लक्ष ठेवावं लागतं. नॉर्मल मोडमध्ये तो पेट्रोल वाचवायला भराभर वरचे गिअर टाकतो. कमाल वेग सहाव्यातच गाठला जातो, सातवा आणि आठवा निवांत चालण्यासाठी आहेत, त्यामुळे शहराच्या वेगातही इंजिन अगदी खालच्या आरपीएमवर येतं. सपाट रस्त्यावर ठीक आहे. पण थंड इंजिन, चढ आणि वरचा गिअर अशा वेळी पाय दाबला तर टर्बो इंजिनवर नको तो ताण येतो. डाव्या पॅडलने एक-दोन गिअर खाली घ्या, काटा २,००० ते ३,००० मध्ये ठेवा. गाडी हळू चालवणं आणि इंजिन दमवत चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

ट्रॅफिकमध्ये पीडीके गुळगुळीत चालतो, पण आत क्लच दोन आहेत हे विसरू नये. गाडी इंचाइंचाने सरकवत राहिलं की क्लच घसरत राहतो आणि तापतो. पुढे दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. थांबल्यावर ब्रेक जरा जोरात दाबला की होल्डची खूण दिसते आणि गाडी स्वतःच उभी राहते.

छोट्या फेऱ्यांचा त्रास मात्र गाडी कितीही चांगली असली तरी टळत नाही. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, ऑइल पातळ होतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साचते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, ऑइल तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत राहून खालच्या गिअरमध्ये इंजिनला वरपर्यंत फिरू द्या. किलोमीटर कमी झाले असले तरी ऑइल वर्षाला बदला. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक ओळखणारा) ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लावून इंजिन सांभाळतो, पण ताकद कमी होते.

ऑइल मोजायला डिपस्टिक नाही. इंजिन तापलेलं, गाडी सपाट जागेवर, आणि मोजणी मीटरमध्ये. पातळी खाली दिसली तर अर्ध्या लिटरपेक्षा कमी घाला आणि परत मोजा. या गाडीत ऑइल कमी असण्याइतकंच जास्त असणंही वाईट: जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये ओढलं जातं आणि मागून निळा धूर निघतो.

टायर हा रोजच्या वापरातला सर्वांत मोठा विषय. पुढे २३५/४० आर१९, मागे २९५/३५ आर२०. पुढचे-मागचे वेगळे, म्हणून अदलाबदल करता येत नाही. मागच्या टायरवर वजनही जास्त आणि ताकदही सगळी तिथेच, त्यामुळे ते आधी संपतात. कॅम्बरमुळे, म्हणजे चाक वरून आत कललेलं असल्याने, आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजते. उभं राहून बघितलं तर टायर ठणठणीत दिसतो आणि आत तारा निघायला आलेल्या असतात. महिन्यातून एकदा हात आत घालून कड चाचपा, टॉर्च मारून बघा. हवा थंड टायरमध्येच तपासा, पुढची-मागची वेगळी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. नवे टायर घातले की मीटरच्या मेन्यूत त्यांचा प्रकार निवडायला विसरू नका, नाहीतर सेन्सर चुकीच्या आकड्याशी तुलना करत बसतो. स्टेपनी नाही, पंक्चरचं द्रावण आणि कॉम्प्रेसर मिळतो, बाजूची भिंत फाटली तर तो निरुपयोगी. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरची पकड झपाट्याने कमी होते.

पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. पुढच्या चाकांजवळचे ध्वनी सेन्सर उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला असल्याचं ओळखतात आणि मीटरमध्ये सूचना येते. पण वेट मोड आपोआप लागत नाही, तो आपल्यालाच निवडावा लागतो. लावल्यावर ॲक्सिलरेटर बराच नरम होतो, आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत ते हवंच. नक्षी तीन मिलिमीटरपर्यंत आली की कायद्याची मर्यादा येईपर्यंत थांबू नका, टायर बदला.

ब्रेक दणकट आहेत. गाडी धुतल्यावर लगेच लावून ठेवू नका. थोडं फिरवून चार-पाच वेळा ब्रेक मारून डिस्क कोरड्या करा, नाहीतर गंज धरतो आणि पॅड चिकटतात. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. पुढच्या बंपरच्या जाळ्यांत पालापाचोळा साचतो, तो रेडिएटर आणि एसी कंडेन्सरला ओल धरून ठेवतो आणि ते सडतात. वर्षातून एकदा सफाई करून घ्या.

आत बसल्यावर दोन तक्रारी खऱ्या आहेत. मीटरच्या पाच तबकड्यांपैकी बाहेरच्या दोन स्टिअरिंगच्या कड्यामागे लपतात, बघायला मान हलवावी लागते. आणि खडबडीत काँक्रीटवर मागच्या टायरचा आवाज केबिनमध्ये भरून राहतो. लांबच्या प्रवासात तो दमवतो. पुढची डिकी १३२ लिटरची, मागच्या सीट लहान मुलांसाठी किंवा बॅगांसाठी. बाकी नजर चारही बाजूंना नीट पोचते, १,८५२ मिलिमीटर रुंदीची गाडी अरुंद गल्लीतही धीर देते.

जोरात चालवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवा, म्हणजे टर्बो थंड होतात. बंद केल्यावरही मागचा पंखा फिरत राहिला तर घाबरू नका. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा, पण आधी बॅटरी एजीएम (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) आहे की लिथियम हे बघा. चुकीच्या मोडचा चार्जर लिथियम बॅटरी खराब करतो.

घेताना पर्यायांत पुढचा भाग उचलणारी लिफ्ट नक्की घ्या. ती नाक सुमारे ४० मिलिमीटर वर नेते आणि रोजच्या रॅम्पवर बंपरची खालची कड वाचवते. सिरॅमिक ब्रेक मात्र रोजच्या गाडीला नकोत. चाकांवर काळी धूळ पडत नाही हे खरं, पण टायरवाल्याकडे चाक काढताना रिम डिस्कवर आपटली तर कडेचा टवका उडतो आणि अख्खी डिस्क बदलायची वेळ येऊ शकते.