प्रौढ साक्षरता वर्ग आणि आम्हीच बनवलेलं साहित्य: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी ‘उल्हास’ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेवक आहे. १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठीचा हा केंद्राचा कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. नोंदणी शाळेमार्फत होते, शिकवणाऱ्याला मानधन नाही. पोळ्यानंतर वर्ग सुरू केला आणि मार्चमध्ये बायका परीक्षेला बसल्या. या काळात छापील पुस्तिकेपेक्षा आम्ही वर्गातच तयार केलेलं साहित्य जास्त वापरलं. त्यातलं काय चाललं आणि काय नाही, ते नव्याने स्वयंसेवक होणाऱ्यांसाठी लिहिते.

परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० आणि तिन्ही भागांत ३३ टक्के हवेत. म्हणजे वाचनात कितीही पुढे असली तरी आकडेमोडीत मागे राहून चालत नाही.

पहिले शब्द आम्ही शेतातले घेतले: कापूस, सरकी, मजुरी, काटा, विहीर. त्यात जोडाक्षर एकही नाही, आणि बाईला हे शब्द दिवसभर कानावर पडलेले असतात. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांवरून वाचायला शिकवलं होतं. तीच वाट इथेही चालते, हे मी आता खात्रीने सांगते. एक अडचण मात्र आधीच लक्षात घ्या. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटलेली असतात, बारीक पेन्सिल धरवत नाही. शाळेच्या ओट्यावर जाड खडूने लिहायला लावलं की हात मोकळा होतो.

त्यानंतर रोज प्रत्येकीने आपलं एक वाक्य सांगायचं, मी ते मोठ्या कागदावर लिहायचं आणि तिने ते वहीत उतरवायचं. वाक्य जसं तोंडून येईल तसंच लिहिलं. ‘मन्ही आंडेर सुरतमा ऱ्हास’ (अहिराणीत, म्हणजे ‘माझी मुलगी सुरतेत राहते’) हे एका मावशींचं पहिलं वाक्य. दिवाळीनंतर त्याच ओळींखाली परीक्षेच्या पेपरात चालेल अशी मराठी ओळ लिहून घेतली. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. आम्हाला रोज जमणारं नव्हतं, पण आठवड्याला एक कागद शाळेच्या भिंतीवर लागत होता. आपलं वाक्य भिंतीवर आहे म्हणून बायका नातवंडांना घेऊन यायच्या आणि बोट ठेवून वाचून दाखवायच्या. ‘लेखना’त यांना चांगले गुण मिळाले त्याचं श्रेय मी या कागदाला देते.

गाण्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे ती कागदावर लिहिली की वर्ग रंगतो. पण बोटाकडे नीट बघा. तोंडाने ओळ संपलेली असते आणि बोट अजून मधल्याच शब्दावर असतं. ते पाठांतर झालं, वाचन नाही. त्यावर उपाय सोपा आहे. ओळी कात्रीने कापून पट्ट्या करा, पट्ट्यांचे पुन्हा शब्द करा, सगळं मिसळा आणि गाणं परत जुळवायला सांगा. इथे खरं वाचन सुरू होतं. एकेक ओळ जुळायला पुष्कळ वेळ जातो, पण हा वेळ द्याच.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायकांनीच एकमेकींसाठी प्रश्नपत्रिका काढण्याचा. ज्यांना भिंतीवरचा कागद सहज वाचता येत होता, त्यासुद्धा ‘जोड्या लावा’ समोर आलं की थबकायच्या. डावीकडच्या पहिल्या शब्दासमोर उजवीकडचा पहिलाच जोडून मोकळ्या व्हायच्या. समजावून काही उपयोग होईना. मग म्हटलं, तुम्हीच दुसरीसाठी जोड्या तयार करा. एकीने लिहिलं: केळी, कापूस, दूध, आणि समोर: काटा, डेअरी, घड. काटा मुद्दाम वर का टाकला, विचारलं, तर म्हणाल्या, ‘सरळ लिहिलं तर तिला काय शोधावं लागंन?’ त्या दिवसानंतर त्यांची एकही जोडी चुकली नाही. रिकाम्या जागांचंही तसंच झालं. कुठला शब्द गाळायचा हे ठरवताना अख्खं वाक्य चारदा वाचावं लागतं, तो सराव फुकटात होतो.

संख्याज्ञानात ही पद्धत निम्मीच कामाला आली. तोंडी हिशेबात बायका पक्क्या. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तर पूर्ण भाड्याचं निम्मं त्या कंडक्टरच्या आधी सांगतात. वेचणीच्या किलोंची मजुरीही विसांच्या हिशेबात अचूक सांगतात. पण तोच हिशेब उभ्या मांडणीत, हातचा घेऊन लिहायला सांगितला की गाडी अडते. तिथे रोजची पाच उदाहरणं, पाटी आणि पुन्हा पाच उदाहरणं, याला पर्याय मला सापडला नाही. कल्पकता फक्त उदाहरणं निवडण्यात चालली. खतांच्या गोण्या, किराण्याचं बिल, भिशीचे पैसे घेतले की कंटाळा कमी येतो.

खर्च म्हणाल तर कागद, दोन मार्कर आणि कात्री, बस. वेळ मात्र भरपूर लागतो. परीक्षा महिन्यावर आली असेल तर हे सगळं सुरू करू नका, सरळ सरावाचे पेपर घ्या. हातात चार-पाच महिने असतील तर बिनधास्त करा.

आमच्या सगळ्या बायका पास झाल्या. दोघी संख्याज्ञानात जेमतेम सुटल्या, म्हणून पुढच्या तुकडीला उभी मांडणी पहिल्याच आठवड्यापासून घेणार आहे. पास झालेल्यांनी आता बँकेची पैसे काढायची स्लिप भरायला शिकवा म्हणून तगादा लावलाय. रविवारी कोऱ्या स्लिपा घेऊन बसतोय.