पोर्ट दिसतो, पण चालत नाही: जुन्या लॅपटॉपच्या व्यवहारात झालेली फसवणूक

घरात जुना सायऑन किंवा पाम (खिशात मावणारे छोटे संगणक) पडून आहे आणि त्यातला मजकूर काढायला त्याच काळातला लॅपटॉप शोधताय, अशांसाठी हे लिहितोय. हे गिऱ्हाईक अडलेलं असतं, हे विकणाऱ्यांना आता चांगलं कळलं आहे.

आमच्याकडचा सायऑन सिरीज ५ बाबांचा. वायटूकेच्या (संगणकातल्या २००० सालच्या तारखेच्या घोटाळ्याच्या) कामासाठी ते इंग्लंडला होते तेव्हा घेतलेला. १९९७ साली बाजारात आलेलं हे यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालतं, आणि झाकण उघडलं की कीबोर्ड आपोआप पुढे सरकतो. आमच्या कुळवृत्तांतासाठी बाबांनी कितीतरी वर्षं त्यात माहिती भरली. कोण कुठल्या गावाहून कुठे गेलं, कोणाचं माहेर कुठलं, सगळं रोमन लिपीतल्या मराठीत, कारण त्यात देवनागरी नाही. ज्या आत्याआजी आणि काकांनी ते सांगितलं त्यांतलं आज जवळपास कोणी उरलेलं नाही. आणि ही माहिती ज्या मेमरीत असते ती सेलच्या जिवावर टिकते. मुख्य सेल संपले, शिवाय आतला बटणसेलही गेला, की सगळं पुसलं जातं.

या फायली आजच्या वर्डमध्ये उघडत नाहीत. त्या बदलून घ्यायला सायविन नावाचा विंडोज ९५-९८ च्या काळातला प्रोग्राम लागतो, आणि सायऑनची केबल जुन्या संगणकांवर असायच्या त्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टात जाते. यूएसबीचे अडॅप्टर मिळतात, पण स्वस्तातल्या बऱ्याच अडॅप्टरांत नकली चिप असते आणि नव्या विंडोजचा ड्रायव्हर ती ओळखून नाकारतो. म्हणून खराखुरा पोर्ट असलेला लॅपटॉप घ्यायचं ठरलं. आयबीएमचा थिंकपॅड ६०० मला पसंत होता. १९९८ चं मॉडेल, विंडोज ९८ त्यावर नीट चालतं.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत तो सापडला. ‘सीरियल पोर्ट चालू, सायऑनसोबत टेस्टेड’ असं स्पष्ट लिहिलेलं. मी फोन केला तर विकणारा म्हणाला, “दादा, टेन्शन घेऊ नका, मी चेक करूनच पाठवतो.” त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात सायऑन जोडलेला होता, सायविन उघडून फायलींची यादी दिसत होती. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, कॉम १ (सीरियल पोर्टचं विंडोजमधलं नाव) ‘व्यवस्थित चालू’ असं दाखवलेलं. साडेनऊ हजार यूपीआयने आधी द्यायचे, कारण जुन्या मालावर कुरिअरवाले पैसे गोळा करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पैसे गेले. लॅपटॉपही आला.

चालू केला तर विंडोज ९८ होतं, सायविन होतं, कॉम १ सुद्धा होता. सायऑन मात्र काही केल्या जोडला जाईना. फोनवर उत्तर आलं, “तुमची केबल खराब आहे, माझ्याकडे ओरिजिनल आहे, दोन हजार पाठवा.” केबल चांगली असल्याची मला खात्री होती, कारण ती मी दुसरीकडे लावून पाहिली होती. तसं सांगितल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

लॅपटॉप उघडला तो आमच्या ओळखीच्या रिपेअरवाल्यांनी. पोर्टच्या मागे एक छोटी चिप असते, जी आतले सिग्नल केबलला चालतील अशा व्होल्टेजचे करून देते. ती जागेवर नव्हतीच. हत्याराने काढलेली, सोल्डरचे डाग ताजे. काढणाऱ्याने ती दुसऱ्या बोर्डावर वापरली असणार. तरीही डिव्हाइस मॅनेजर ‘व्यवस्थित चालू’ म्हणतो, कारण विंडोज फक्त आतला कंट्रोलर बघतं. त्याच्यापुढे पिनांपर्यंत काही पोचतंय का, हे त्याला कळतच नाही. मग मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्यातल्या लॅपटॉपच्या झाकणाला उजवीकडे चीर आहे, माझ्याकडे आलेल्याला नाही. एका चालू मशीनचा व्हिडिओ दाखवायचा आणि चिप काढलेला सांगाडा पाठवायचा, असा हा धंदा.

फोटोवर आणि तयार व्हिडिओवर पैसे देऊ नका. काही जण तर मॉनिटरचा पोर्ट सीरियल म्हणून दाखवतात. तो तीन ओळींत पंधरा भोकांचा असतो, सीरियलला दोन ओळींत नऊ पिना बाहेर आलेल्या असतात. व्हिडिओ कॉलवर आधी लॅपटॉपच्या तळाचा सीरियल नंबर दाखवायला सांगा आणि लिहून ठेवा. मग त्याच मशीनवर हायपरटर्मिनल (पोर्टवरून अक्षरं पाठवणारा विंडोज ९८ मधला प्रोग्राम) उघडून कॉम १ निवडायला लावा, त्यातली फ्लो कंट्रोल आणि लोकल एको ही दोन्ही सेटिंग बंद. पाच पिनांची ओळ वर येईल असं बघून तिच्यात डावीकडून दुसरी आणि तिसरी पिन बारीक तारेने जोडली की टाइप केलेलं अक्षर पडद्यावर परत येतं. तार काढली की येणं थांबलं पाहिजे. शब्द तुम्ही त्याच वेळी सांगा, म्हणजे आधीचं रेकॉर्डिंग चालणार नाही. चिप नसेल तर हे होऊच शकत नाही. यासाठी पाच मिनिटं पुरतात. यालाही जो विक्रेता कुरकुर करेल त्याचा नाद सोडा.

त्याआधी घाई काढून टाका, कारण सेल संपण्याच्या भीतीवरच हे लोक जगतात. सिरीज ५ ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाची खाच आहे. कमी क्षमतेचं जुनं कार्ड घालून सगळ्या फायली त्यावर उतरवा. कार्डाला सेल लागत नाही. बाबांच्या फायली आम्ही तशाच वाचवल्या. पुढे एका स्नेह्यांच्या जुन्या लॅपटॉपवर सायविनने त्या वर्डच्या करून घेतल्या, आणि कुळवृत्तांताचं काम परत सुरू झालं.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर तिथे लगेच फोन करा, रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. माझे अजून मिळालेले नाहीत. जाहिरात मात्र चालूच आहे, आता वेगळ्या नावाने आणि दुसऱ्या शहरातून. व्हिडिओ तोच, झाकणावर उजवीकडे चीर असलेला.