अल्टो के-10 चे इंजिन म्हणून भलतेच गळ्यात: मारुती 800 वाल्यांनी सावध राहावे

"बॉडी 800 ची, इंजिन के-10 चे, अ‍ॅव्हरेज 23." रोज चाळीसेक किलोमीटर कामाला जाणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवले की तो निम्मा पटलेलाच असतो. साडेसहाशे किलोच्या आसपासची हलकी गाडी आणि तिच्यात नव्या जमान्याचे इंजिन, म्हणजे पेट्रोल वाचणारच, असे कुणालाही वाटेल. 2006 सालच्या एका मारुती 800 च्या मालकाला नेमके हेच सांगून 60,000 रुपये घेतले गेले. गॅरेजचे नाव इथे देत नाही, कारण ही पद्धत एका गॅरेजपुरती नाही. ती कशी चालते हे समजणे जास्त गरजेचे आहे.

पहिली फसवणूक इंजिनातच झाली. के-10 चे म्हणून जे बसवले, ते जुन्या अल्टोचे एफ-8-डी निघाले. दोन्ही तीन सिलिंडरची आणि दोन्हींना 12 व्हॉल्व्ह, त्यामुळे वरून बघणारा सहज फसतो. पण एफ-8-डी 796 सीसीचे आहे, के-10 चे के-10-बी 998 सीसीचे. एफ-8-डी ला टायमिंग बेल्ट असतो आणि त्यावर दहाच्या बोल्टांनी धरलेले प्लॅस्टिकचे कव्हर. के-10-बी ला टायमिंग चेन असते आणि पुढचे कव्हर धातूचे. पुलीच्या बाजूला टॉर्च मारली तरी फरक दिसतो.

तरीही शंका राहिली तर पिस्टनची चाल मोजा. एक प्लग काढा, भोकातून लाकडी काडी पिस्टनवर टेकवा (धातूची सळई नको, पिस्टनवर ओरखडे येतात) आणि क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. काडी सर्वात वर येते तिथे एक खूण करायची, सर्वात खाली जाते तिथे दुसरी. दोन खुणांमधले अंतर 72 मिलिमीटरच्या जवळ आले तर एफ-8-डी, 79.5 च्या जवळ आले तर के-10-बी. प्लगचे भोक जरा तिरके असले तरी साडेसात मिलिमीटरचा फरक लपत नाही. पाच मिनिटांचे काम आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच करा.

दुसरी गोम ईसीयूची, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचे ते ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची. या गाडीत जुन्या 800 चाच ईसीयू ठेवला होता, "तोच चालतो" म्हणून. इंजिन सुरू होते, गाडी पळतेही, पण त्या ईसीयूतले पेट्रोलचे गणित 800 च्या मूळ 6 व्हॉल्व्हच्या हेडसाठी लिहिलेले आहे. 12 व्हॉल्व्हचे हेड वरच्या आरपीएमला जास्त हवा ओढते. पेट्रोल त्या हिशेबात मिळाले नाही की मिश्रण लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), घाटात चढताना प्लगपाशी टकटक ऐकू येते, इंजिन तापते, आणि दुर्लक्ष केले तर पिस्टन किंवा हेड गॅस्केट जाते. इंजिन घ्यायचे तर त्याच गाडीचा ईसीयू, पूर्ण वायरिंग, थ्रॉटल बॉडी, सगळे सेन्सर आणि चावीशी जुळलेले इमोबिलायझरचे (चोरी रोखणारे) युनिट एकत्रच घ्यावे लागते. इंजिन एका गाडीचे आणि मेंदू दुसरीचा, असे काम कुणी "करून देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गाडी जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर प्रश्न आणखी मोठा आहे. तिच्या यांत्रिक पंपाचा दाब इंजेक्शनला पुरत नाही. टाकीपासून पुढची लाइन आणि पंप, सगळेच बदलावे लागते.

आता अ‍ॅव्हरेज. मालकाला चाचणी घेऊन दाखवली होती आणि हिशेब खरोखर 22.9 आला होता. मीटरवर 320 किलोमीटर, पेट्रोल 14 लिटर. दोन्ही आकडे खोटे होते.

इंजिनासोबत अल्टोचा पाच गिअरचा बॉक्स बसवला होता. मीटरला फेरे त्या बॉक्सकडून मिळतात आणि ते अल्टोच्या 145/80 आर-12 टायरसाठी जुळवलेले असतात. 800 वर टायर होते 145/70 आर-12, म्हणजे व्यासाने सुमारे 29 मिलिमीटर लहान. टायर लहान असला की तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात आणि मीटर 5.7 टक्के जास्त दाखवते. 320 चे खरे अंतर 303 निघाले. पेट्रोलची चलाखी याहून साधी. सुरुवातीला टाकी नळीच्या तोंडापर्यंत गच्च भरली आणि शेवटी नोझल पहिल्यांदा बंद पडताच थांबवली. नळीतले आणि टाकीच्या वरच्या रिकाम्या जागेतले दोन लिटर हिशेबात आलेच नाहीत. 303 ला 16 ने भागा: 18.9.

म्हणून चाचणी स्वतः घ्या. पंप तोच, नोझल तेच, दोन्ही वेळा पहिल्या कटलाच थांबायचे, अंतर किमान 300 किलोमीटर आणि मोजायचे ते मोबाइलच्या जीपीएसवर.

गाडी मुळात 16 देत होती. वर्षाला 12,000 किलोमीटर धरले तर 750 लिटर लागतात. खरोखर 20 मिळाले असते तरी 600 लिटर लागले असते, म्हणजे 150 लिटरची बचत, लिटरला 105 रुपयांनी 15,750. साठ हजार वसूल व्हायला जवळपास चार वर्षे. याउलट उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होत नाही, ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो), थकलेला ऑक्सिजन सेन्सर, घासून चालणारे ब्रेक आणि कमी हवेचे टायर, एवढे आधी तपासले असते तर मूळ इंजिनानेच बरेच भरून काढले असते. आमचे मत स्पष्ट आहे: फक्त अ‍ॅव्हरेजसाठी वेगळ्या जातीचे इंजिन घालू नका. जुने खरोखर संपले असेल तर बोअर-पिस्टनचे काम करा किंवा त्याच प्रकारचे दुसरे घ्या.

कारण कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. "आरटीओचे आम्ही बघतो" या शब्दांना काडीची किंमत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला इंजिन नंबर ताडला जातो, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

त्याच प्रकारचे जुने इंजिन घेतानाही नंबराची जागा कापडाने पुसून नीट बघा. अक्षरांची खोली कमी-जास्त, आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा, तेवढ्याच भागावर ताजा रंग, असे दिसले तर हात लावू नका. नंबर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय सुविधेत तपासा आणि बिलावर इंजिन नंबर लिहूनच घ्या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. दोन सिलिंडरांत 14 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. काही जण आधीच सिलिंडरमध्ये तेल सोडून आकडा फुगवतात, म्हणून इंजिन दहा मिनिटे चालवून मगच गेज लावा.

पैसे दिलेच असतील तर कोटेशन, यूपीआयची नोंद आणि फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आणखी एक: "जुन्या इंजिनाचे पाच हजार वजा करतो" म्हणत गॅरेजवाला ते ठेवून घेतो. देऊ नका. आरसीवरचा नंबर त्याच ब्लॉकवर आहे, आणि गाडी पुन्हा कायदेशीर करायची वेळ आली तर तोच ब्लॉक लागेल.